अर्ध्या मिलिमीटरची जागा

मागच्या लेखानंतर दोघातिघांनी फिरून एकच प्रश्न विचारला. प्रयोगातले दोन भाग वेगवेगळे तपासले, दोन्ही बरोबर निघाले, पण एकत्र जोडल्यावर सगळं बिघडतं. असं का होतं, आणि अशा वेळी शोध कुठून सुरू करायचा?

याचं उत्तर मला गाडीच्या ब्रेकवरून द्यायला आवडेल. तुम्ही मेकॅनिकलचे नसाल तरी हरकत नाही. बारावीचा पास्कलचा नियम आठवत असला की पुरे. गाडी आहे 1966 ची फोर्ड मस्टँग. हे मॉडेल एप्रिल 1964 मध्ये अमेरिकेत बाजारात आलं. आज तिथल्या हौशी लोकांच्या गॅरेजमध्ये सर्वात जास्त खोलल्या-जोडल्या जाणाऱ्या जुन्या गाड्यांपैकी ती एक आहे. या गाडीवर लोक हमखास करतात असं एक काम म्हणजे जुना मास्टर सिलेंडर काढून दुहेरी मास्टर सिलेंडर आणि त्यामागे व्हॅक्यूम बूस्टर बसवणं. हेच काम आपण उदाहरण म्हणून घेऊ.

आधी हे काम लोक करतात कशासाठी ते बघा. 1966 पर्यंतच्या मस्टँगच्या मास्टर सिलेंडरमध्ये एकच दट्ट्या आणि एकच टाकी असायची. चारही चाकांना जाणारं ब्रेक ऑइल त्या एकाच जागेतून जायचं. कुठल्याही एका चाकाचा पाइप फुटला, नाहीतर एक रबरी सील गेलं, की पेडल थेट तळाला आणि चारही ब्रेक गायब. उरतो तो फक्त केबलवर चालणारा हँडब्रेक. 1967 च्या मॉडेलपासून मस्टँगला दुहेरी सिलेंडर आला: एकाच नळीत एकापुढे एक दोन दट्टे, एक पुढच्या चाकांसाठी आणि एक मागच्या. पुढचं सर्किट गळालं तर पेडल नेहमीपेक्षा खोल जातं, पण मागचे ब्रेक लागतात. 1 जानेवारी 1968 पासून अमेरिकेच्या सरकारी सुरक्षा-मानकाने अशी विभागलेली रचना प्रवासी गाड्यांना सक्तीची केली. म्हणजे दुहेरी सिलेंडर बसवण्याचं कारण निव्वळ जीव वाचवण्याचं आहे. बूस्टरचं कारण सोयीचं. म्हातारे गुडघे, शहरातली गर्दी, वगैरे.

आता थोडं गणित, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच येतो.

समजा तुमचा पाय पेडलवर 20 किलोचं बल लावतो. पेडल ही एक तरफ आहे. बूस्टर नसलेल्या गाड्यांत तिचं गुणोत्तर साधारण 6 असतं, म्हणजे दट्ट्यावर 120 किलो येतात. दट्ट्याचा व्यास 1 इंच असेल तर क्षेत्रफळ सुमारे 5.07 चौरस सेंटिमीटर, आणि दाब झाला दर चौ. सेंमीला जवळजवळ 24 किलो. त्याऐवजी 7/8 इंचाचा सिलेंडर घेतला तर क्षेत्रफळ 3.88 आणि दाब सुमारे 31. दट्ट्या लहान केला की दाब वाढतो, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटं वाटतं. फुकट मात्र काही मिळत नाही. तेवढंच ऑइल ढकलायला लहान दट्ट्याला जास्त सरकावं लागतं, म्हणून पेडल जास्त खोल जातं. ‘मोठा सिलेंडर म्हणजे दणकट ब्रेक’ असं समजून 7/8 च्या जागी 1 इंची सिलेंडर बसवणारे कमी नाहीत. त्यांचं पेडल दगडासारखं घट्ट लागतं, ते खूश होतात, आणि गाडी थांबवायला मात्र सुमारे 30 टक्के जास्त जोर लावावा लागतो. पेडल घट्ट लागणं आणि ब्रेक चांगला लागणं या दोन वेगळ्या राशी आहेत. आपण मोजतो काय आणि आपल्याला हवं असतं काय, यातला हा फरक तुम्हाला संशोधनात पावलोपावली भेटेल.

आता बूस्टर. आल्बेर द्वांद्र नावाच्या बेल्जियन इंजिनिअरने 1920 च्या दशकात व्हॅक्यूमवर चालणाऱ्या ब्रेक सर्वोची कल्पना प्रत्यक्षात आणली, आणि तत्त्व आजही तेच आहे. पत्र्याचा एक गोल डबा, त्याला मधोमध उभा विभागणारा रबरी पडदा. इंजिन आयडलला चालू असताना हवा आत ओढत असतं. त्या ओढीने डब्याच्या दोन्ही बाजूंची हवा काढून घेतलेली असते. तुम्ही पेडल दाबलं की आतला एक व्हॉल्व्ह ड्रायव्हरकडच्या बाजूला बाहेरची हवा आत सोडतो. आता पडद्याच्या एका बाजूला वातावरणाचा दाब आणि दुसऱ्या बाजूला व्हॅक्यूम, त्यामुळे पडदा पुढे ढकलला जातो. म्हणजे जोर लावते ती बाहेरची हवा. इंजिन फक्त तिला वाट मोकळी करून देतं.

8 इंची बूस्टर घेऊ. पडद्याचं क्षेत्रफळ सुमारे 324 चौ. सेंमी. धडधाकट इंजिन समुद्रसपाटीला आयडलवर साधारण 18 इंच पाऱ्याचा व्हॅक्यूम देतं, म्हणजे दर चौ. सेंमीला 0.62 किलो. गुणाकार केला तर जवळपास 200 किलो. अगदी प्रत्यक्षात दांडीची जागा, स्प्रिंग वगैरे वजा होतं, पण अंदाज कळला. हीच गाडी डेन्वरला न्या. ते शहर साधारण 1,600 मीटर उंचीवर आहे. दर हजार फुटांना अंदाजे एक इंच व्हॅक्यूम कमी होतो, म्हणजे 18 चे 13 उरतात, आणि 200 किलोंचे 145. गाडीत काहीही बिघडलेलं नसताना ब्रेक ‘जड’ लागतो. इंजिनला जोरकस, रेसिंगचा कॅमशाफ्ट घातला तरी असंच, कारण तसा कॅमशाफ्ट आयडलचा व्हॅक्यूम खाली आणतो. त्यामुळे बूस्टर मागवण्याआधी व्हॅक्यूम गेज लावून आकडा वाचायचा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि बहुतेक जण ते टाळतात.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या. बूस्टर बसवताना पेडलचं गुणोत्तरही बदलावं लागतं, साधारण 6 वरून 4 वर. नाहीतर नुसतं बोट लावलं तरी ब्रेक करकचून लागतो. म्हणून काही किटसोबत वेगळं पेडल येतं. आता समजा, चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं आणि बूस्टरमधला साठलेला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपला. 20 गुणिले 4 म्हणजे 80 किलो, भागिले 5.07, दाब सुमारे 16. बूस्टर नसलेली जुनी गाडी याच पायाला 24 देत होती. म्हणजे बूस्टर मेलेला असताना ‘सुधारलेली’ गाडी मूळ गाडीच्या दोनतृतीयांशच थांबते. सुधारणा म्हणजे नेहमी बेरीज नसते. कुठल्या तरी परिस्थितीत ती वजाबाकी असते, आणि ती परिस्थिती कोणती हे आधी माहीत असलेलं बरं.

आता मुख्य मुद्द्याकडे.

बूस्टरमध्ये पडद्याला जोडलेली एक दांडी पुढे बाहेर येते. तिला पुशरॉड म्हणतात. ती मास्टर सिलेंडरच्या दट्ट्याच्या खोबणीत जाते. ब्रेक सोडलेला असताना या दांडीच्या टोकात आणि दट्ट्यात थोडीशी मोकळी जागा हवी. किती, ते गाडीप्रमाणे आणि बनवणाऱ्याप्रमाणे बदलतं, पण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास समजा. अख्ख्या कामातलं सर्वात महत्त्वाचं माप हेच, आणि ते कुठल्याही एका भागाच्या खोक्यावर छापलेलं नसतं. कसं असणार? ते ना बूस्टरचं माप आहे, ना सिलेंडरचं. दोघे एकत्र आले की ते जन्माला येतं.

जागा जास्त राहिली तर नुकसान सौम्य असतं: पेडलचा पहिला काही प्रवास फुकट जातो. जागाच राहिली नाही तर काय होतं, ते समजायला सिलेंडरच्या आत डोकवावं लागेल. दट्ट्या पूर्ण मागे गेलेला असताना त्याच्या सीलच्या किंचित पुढे एक बारीक छिद्र उघडं राहतं. ते वर टाकीत जातं. ब्रेक लावताना दट्ट्या पुढे सरकतो, छिद्र झाकलं जातं, आणि तिथून पुढे दाब तयार व्हायला लागतो. ब्रेक सोडला की छिद्र पुन्हा उघडतं, आणि गरम होऊन फुगलेलं ऑइल टाकीत परत जातं. दांडी एखादा मिलिमीटर लांब असेल तर दट्ट्या पूर्ण मागे येतच नाही. छिद्र कायम झाकलेलं. ऑइल तापतं, फुगतं, जायला वाट नाही, म्हणून दाब वाढतो. ब्रेक हलकेसे लागलेले राहतात, घर्षण होतं, अजून उष्णता, अजून फुगणं. पाच-दहा किलोमीटरमध्ये गाडी ओढल्यासारखी चालते आणि शेवटी जाम होते. महामार्गावर असं होणं किती वाईट, ते वेगळं सांगायला नको.

गंमत पुढेच आहे. गाडी बाजूला घेऊन तासभर उभी केली की ऑइल गार होतं, आकसतं, ब्रेक सुटतात. टो करून गॅरेजला नेईपर्यंत गाडी ठणठणीत. मेकॅनिक म्हणतो, काही नाही झालेलं. बघायला गेलं की दिसत नाही अशी घटना. तुमच्यापैकी जे प्रयोगशाळेत काम करून आलेत त्यांना ही ओळखीची वाटेल.

माझ्या माहितीतल्या एका मस्टँगचं नेमकं असंच झालं होतं. मालक निवृत्त गृहस्थ. किट नवीन. ज्या गॅरेजने बसवलं त्यांनी पुशरॉडचं माप घेतलं होतं, आणि ते बरोबर होतं. तरी गाडी दहा किलोमीटरनंतर जाम व्हायची. आता बूस्टर आणि सिलेंडर दोन्ही ‘डिफेक्टिव्ह’ म्हणून परत पाठवायची तयारी चालली होती.

इथे जरा थांबा आणि तुम्ही काय केलं असतं याचा विचार करा. लक्षण एक, पण संशयित बरेच. एक, पुशरॉड लांब. दोन, पेडलच्या बाजूची दांडी ताणलेली, त्यामुळे पेडल सोडलं तरी बूस्टर थोडा लागलेलाच राहतो. तीन, चुकीचा सिलेंडर: जुन्या ड्रम ब्रेकच्या सिलेंडरच्या तोंडाशी एक छोटा व्हॉल्व्ह असायचा, जो पाइपमध्ये मुद्दाम थोडा दाब शिल्लक ठेवतो, साधारण 10 पीएसआय. ड्रमला ते चालतं, कारण तिथल्या स्प्रिंगा लायनर ओढून घेतात. डिस्कला अशा स्प्रिंगा नसतात, मग पॅड घासत राहतात. 1965 पासून मस्टँगला पुढच्या डिस्कचा पर्याय होता, आणि आज बरेच लोक नंतरही डिस्क बसवतात, त्यामुळे ही गफलत सहज होते. चार, जुनी रबरी होज आतून सुजलेली: ऑइल जाताना जातं, येताना येत नाही. पाच, चाकातलंच काहीतरी गंजून अडकलेलं.

नवशिका इथे काय करतो? सर्वात स्वस्त भाग बदलतो आणि गाडी फिरवून बघतो. मग पुढचा. असे पाचही भाग बदलून गाडी सुटली तरी कारण कळलेलं नसतं. आणि दोन भाग एकदम बदलले तर कशामुळे सुटली तेही कळत नाही.

त्यापेक्षा गाडी जाम झालेली असतानाच तपासायची. सपाट जागा, इंजिन बंद, चाकाला दगड, मग जॅकवर आणि पक्क्या स्टँडवर. चाक हाताने फिरवून बघायचं. एकच चाक जाम असेल तर संशय होजवर किंवा त्या चाकावर. चारही जाम असतील तर कारण वरच्या, सगळ्यांना सामाईक भागात. या गाडीची चारही जाम होती. दोन संशयित गेले, एकही पाना न लावता.

मग पेडल हाताने हलवून बघितलं. सुरुवातीचं थोडंसं मोकळं खेळणं होतं, म्हणजे पेडलच्या बाजूने ताण नाही. राहिले दोन: पुशरॉड आणि तोंडाशी असलेला व्हॉल्व्ह.

आता क्रम महत्त्वाचा. बरेच जण थेट चाकाचा ब्लीडर स्क्रू सैल करतात. थोडं ऑइल उडतं, चाक सुटतं. त्यातून एवढंच कळतं की पाइपमध्ये दाब अडकला होता, आणि तो दाब आता गेला. पुरावाच वाहून गेला! पुन्हा दहा किलोमीटर चालवा, पुन्हा जाम होण्याची वाट बघा. त्याऐवजी मास्टर सिलेंडर बूस्टरला धरून ठेवणारे दोन नट सैल करायचे आणि अख्खा सिलेंडर दोन-तीन मिलिमीटर पुढे ओढायचा. पाइप तेवढे वाकतात. चाकं लगेच सुटली, तर दट्ट्याला मागे यायला वाव नव्हता, म्हणजे दांडी लांब. नाही सुटली, तर दाब अजून जिथल्या तिथे आहे, पुढची चाचणी करता येते: सिलेंडरपाशी पाइपचा नट सैल करून बघा. पुरावा नष्ट करणारी चाचणी नेहमी शेवटी. माझ्या मते पुस्तकातल्या कुठल्याही ‘रिसर्च मेथडॉलॉजी’च्या धड्याइतकंच हे मोलाचं आहे, आणि ते मी गॅरेजमध्ये शिकलो.

नट सैल केले, चारही चाकं सुटली. दांडी लांब.

पण गॅरेजचं माप तर बरोबर होतं! मग आम्ही पुन्हा मोजलं, मुलांच्या खेळातल्या रंगीत मातीने. दांडीच्या टोकावर मातीची छोटी गोळी ठेवायची, सिलेंडर नेहमीसारखा पॅकिंगसकट कसायचा, मग काढून मातीची दबलेली चकती व्हर्नियरने मोजायची. चकतीची जाडी म्हणजे मोकळी जागा. स्वस्त आणि भरवशाची युक्ती. चकती निघाली, पातळ पण ठीक. म्हणजे गॅरेजवाले खोटं बोलत नव्हते.

नवी गोळी ठेवली, सिलेंडर कसला, आणि या वेळी इंजिन चालू केलं. पेडलला हात-पाय अजिबात लावला नाही, कारण लावला तर दांडी पुढे जाऊन माती दाबते आणि माप वाया जातं. एक मिनिट इंजिन चालवून बंद केलं, पेडल दाबून नव्हे तर व्हॅक्यूमची नळी काढून व्हॅक्यूम सोडला, सिलेंडर उतरवला. माती जवळजवळ पार दबलेली होती.

काय झालं? बूस्टर म्हणजे पत्र्याचा डबा. आतली हवा काढली की बाहेरच्या हवेचा भार त्याच्या पुढच्या पत्र्यावर येतो. किती भार, ते वर काढलंच आहे: शंभर किलोंच्या हिशेबातला. पत्रा किंचित आत दबतो, आणि त्यावर बसवलेला अख्खा मास्टर सिलेंडर त्याच्यासोबत मागे, दांडीच्या दिशेने सरकतो. इंजिन बंद असतानाची अर्ध्या मिलिमीटरची जागा इंजिन चालू झाल्यावर उरत नाही. म्हणूनच काही कंपन्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये हे माप ठरावीक व्हॅक्यूम लावून घ्यायला सांगितलेलं असतं. माप चूक नव्हतं. ते ज्या अवस्थेत घेतलं ती अवस्था चूक होती: गाडी उभी असतानाची, आणि बिघाड होत होता गाडी चालतानाचा.

दांडीच्या टोकाचा स्क्रू आत फिरवून ती लहान केली, व्हॅक्यूम लावून पुन्हा मातीने मोजलं, काम झालं. दोन्ही भाग परत पाठवावे लागले नाहीत. त्यांच्यात काही दोष नव्हताच.

आता उरलेलं काम. ते भराभर सांगतो, पण त्यातही एक-दोन ठिकाणी थांबण्यासारखं आहे.

दोन्ही भाग एकत्रच का बदलायचे, असा प्रश्न पडेल. कारण एकाचा आजार दुसऱ्याला लागतो. मास्टर सिलेंडरचं मागचं सील गळायला लागलं की ऑइल बाहेर जमिनीवर पडत नाही, ते बूस्टरच्या आत शिरतं, कारण तिथला व्हॅक्यूम त्याला ओढूनच घेतो. टाकीतली पातळी उतरते, कुठे ओल दिसत नाही, सायलेन्सरमधून कधीकधी पांढरा धूर येतो. आत साचलेलं ऑइल पडद्याचं रबर खराब करतं, मग बूस्टर जातो. मालक म्हणतो बूस्टर गेला, आणि नवा बूस्टर आणतो. सहा महिन्यांनी तोही जातो. म्हणून बूस्टर खराब वाटला की सिलेंडर सैल करून मागे बोट फिरवून बघा. ओलं लागलं तर खरा आरोपी तो.

बूस्टर खरंच गेलाय का हे तपासायला काही खोलावं लागत नाही. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, म्हणजे साठा संपेल. पेडल दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली किंचित खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. हलत नसेल तर आधी नळी आणि तिच्यावरचा एकतर्फी व्हॉल्व्ह बघा. आणि दाबून धरलेलं पेडल हळूहळू तळाकडे सरकत असेल आणि बाहेर कुठेच गळती नसेल, तर सिलेंडरच्या आतलं सील ऑइलला मागे निसटू देतंय. दोन्ही चाचण्यांत पायच उपकरण आहे, पण प्रश्न नेमका आहे, म्हणून उत्तर मिळतं.

नवा सिलेंडर गाडीवर चढवण्याआधी व्हाइसमध्ये धरून त्यातली हवा काढायची. दोन्ही तोंडांना छोट्या नळ्या लावून त्यांची टोकं त्याच्याच टाकीत बुडवायची आणि दट्ट्या सावकाश दाबत राहायचं, बुडबुडे थांबेपर्यंत. कंटाळवाणं काम आहे, म्हणून लोक टाळतात. टाळल्याची किंमत काढून बघू. आत 1 घन सेंमी हवा राहिली. 24 किलोच्या दाबाला ती आकसून जवळजवळ नाहीशी होते, म्हणजे दट्ट्याचा तेवढा प्रवास हवा दाबण्यात जातो: 1 भागिले 5.07, सुमारे 2 मिलिमीटर. 6 च्या गुणोत्तराने पेडलवर 12 मिलिमीटर. एवढ्याशा हवेने पेडल सव्वा सेंटिमीटर खोल जातं.

नंतर चाकांची हवा काढताना जुन्या सिलेंडरच्या गाडीत पेडल तळापर्यंत ठोकू नका. दट्ट्या रोज जिथे पोचत नाही तिथल्या नळीवर गंज आणि गाळ असतो, आणि त्यावरून सील फाटून येतं. सिलेंडर नवीन असेल तर ही भीती कमी, पण सवय चांगली.

ब्रेक ऑइलबद्दल एवढंच, की ते ऑइल नाही. आपल्याकडे सगळे तसं म्हणतात, मीही म्हणतो, पण डॉट 3 आणि डॉट 4 हे ग्लायकॉलच्या कुळातले द्रव आहेत. नावावर जाऊन कोणी त्यात इंजिन ऑइल टाकलं तर सगळी सीलं फुगून निकामी होतात. (माझं स्वतःचं काम सीलच्या रबरावर असल्यामुळे या विषयावर मी फार वेळ बोलू शकतो, इथे आवरतो.) हा द्रव हवेतलं पाणी शोषतो. डॉट 4 चा उत्कलनांक कोरडा असताना किमान 230 अंश सेल्सिअस, आणि मानकात ठरवलेल्या प्रमाणात पाणी शोषल्यावर किमान 155. डबा उघडा ठेवून महिन्याने वापरू नका. रंगावर सांडला तर रंगही उठवतो, तेव्हा 60 वर्षांच्या गाडीवर काम करताना बाजूला पाण्याची बादली ठेवा.

सगळं जोडून झाल्यावर गाडी लगेच रस्त्यावर काढायची नाही. उभ्या गाडीत, इंजिन चालू ठेवून पेडल जोरात दाबून अर्धा मिनिट धरा, आणि दुसऱ्याला प्रत्येक जोडाखाली कागद फिरवायला सांगा. कागद ओला झाला तर तो जोड पुन्हा. मग रिकाम्या जागेत चालण्याच्या वेगाने, हँडब्रेकवर हात ठेवून. नंतर आठ-दहा किलोमीटरची फेरी, साध्या रस्त्याने, शक्य तितका कमी ब्रेक वापरत. परत आल्यावर चारही चाकांजवळ हात न्या, धातूला स्पर्श न करता. उष्णता साधारण सारखी आणि सौम्य हवी; पुढची चाकं मागच्यांपेक्षा थोडी जास्त गरम असणं ठीक. गरम असतानाच गाडी जॅकवर घ्या आणि चाकं फिरवून बघा, गार होऊ देऊ नका. फिरली, तर दुसऱ्या दिवशी टाकीतली पातळी बघा, आठवड्याने सिलेंडरच्या मागे पुन्हा एकदा बोट फिरवा, आणि मातीने घेतलेलं माप व्हॅक्यूमच्या आकड्यासकट वहीत तारखेनिशी लिहून ठेवा. पुढच्या वेळी हे भाग दुसरं कोणीतरी खोलणार आहे.